माशीकेंद्रातली हौसा

हौसा माणसाच्या तोंडाकडं आधी बघत नसे. हाताकडं बघायची. नवा माणूस दारात आला की तिची नजर मनगटाच्या खाली जायची, तिथं थोडा वेळ थांबायची आणि मग वर चढायची. मी तिला बघायला विट्याजवळ त्यांच्या गावी गेलो, तेव्हा पोह्यांची बशी माझ्यापुढं धरून ती उभीच राहिली. माझ्या मामाला वाटलं पोरगी लाजली. लाजतीय कसली, माझी नखं बघत होती. मी तेव्हा आटपाडीला एका गॅरेजात होतो. लग्नानंतर मला म्हणाली, "डाव्या अंगठ्याला ग्रीस हुतं. म्हटलं, मानूस काम करतंय, पर हात धूत न्हाई."

ही सवय तिला बापाच्या दुकानातून लागली. बाप गलाईवाला, मद्रासकडं सोनं गाळायच्या दुकानात. हौसा सात वर्षांची असल्यापासून अकरा वर्षांची होईपर्यंत तिथंच होती. त्या दुकानात हात धुतलेलं पाणी मोरीत सोडत नाहीत. पिंपात साठवतात, आटवतात आणि तळाला सोनं निघतं. केर, फडकी, बसायची पोती, सगळं जाळून गाळतात. पोरीला शाळा मिळाली नाही, पण हाताला काय काय चिकटून जातं आणि कुठं कुठं उतरतं, हे तिला त्या पिंपानं शिकवलं.

तिला जाऊन चार महिने झाले. तेराव्याच्या जेवणाला आलेले लोक म्हणत होते, लय सोशीक बाई, कधी उलटून बोलली नाही, गरीब गाय. मी पानावरूनच म्हणालो, "कुनाबद्दल बोलताय? माझी बायको गेलीया. गाय न्हवं." पोरगा म्हणाला, आबा, गप बसा. तेव्हा गप बसलो. नंतर वही आणली. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुकलं तर चुकलं, पण तिला कुणी गाय म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

आम्ही दोघं एकाच ठिकाणी नोकरीला होतो. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यानं खोडकिड्यावर इलाज शोधायला एक छोटं केंद्र काढलं होतं. पाच खोल्या, वर पत्रा, मागं पिंजऱ्यांची पडवी. मी शिपाई, ती रोजंदारीवर. साल चौऱ्याहत्तर असावं. खोडकिडा म्हणजे उसाच्या कोंबात शिरणारी अळी. आतून पोखरते, मधला कोवळा पोंगा वाळतो. वरून औषध मारलं तरी आत पोचत नाही. पण एक करडी माशी आहे, घरमाशीपेक्षा दांडगी, अंगावर राठ केस. तिची पिलं त्या अळीच्या अंगात शिरतात आणि अळीला आतून खाऊन टाकतात. ही माशी पिंजऱ्यात वाढवायची आणि उसात सोडायची, हे आमचं काम.

गावातली माणसं विचारायची, "काय रं, बायको कुठं जाती कामाला?"

"माशीकेंद्रात."

"आनि तू?"

"मीबी तिथंच."

"म्हंजे दोघं मिळून माशा मारताय म्हना की."

हौसा शेजारी असली तर म्हणायची, "मारत न्हाई भावजी. त्यांची लग्नं लावतोय."

ते खरंच होतं. अडचण लग्नाचीच होती. पिंजऱ्यात नर मादीजवळ जाईनात. जुळलं नाही तर पिलं नाहीत, आणि पिलं नाहीत तर केंद्राला कुलूप, असं मोठे साहेब महिन्यातून एकदा तरी बोलून दाखवायचे. मोठे साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट लवकर संपलेली हवी असायची.

नर का जात नाहीत ते शोधायला सांगलीच्या मगदूमबाई आल्या. जैन शेतकऱ्याच्या घरातल्या, रसायनशास्त्र शिकलेल्या, तिशीच्या आतल्या, लग्न केलेलं नाही. सायकलवरून यायच्या. माशा बर्फात घालून मारायच्या असत, तेव्हा त्या खिडकीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. हौसा म्हणायची, "बाई, पाप मला लागू द्या. मी कोंबड्या कापल्यात." बाईंचं म्हणणं असं, की मादीच्या अंगावर मेणासारखा अगदी पातळ थर असतो. त्या थरात असा एक पदार्थ असणार, की त्यावरून नराला कळतं ही मादी आणि ही आपल्या जोगती. तो पदार्थ कोणता, ते काढायचं.

काम सकाळी दोन तासांत व्हायचं. कोशातून नुकत्या बाहेर आलेल्या माशा चिमटीत धरायच्या, नर-मादी वेगळे करायचे आणि मारायचे. मेलेल्या माद्या हेक्झेनमध्ये बुडवून हलवायच्या. हेक्झेन म्हणजे पेट्रोलसारखं पातळ द्रव. अंगावरचा थर त्यात उतरतो. ते धुवण काळ्या दोऱ्याच्या गाठीवर थेंबभर टाकायचं आणि गाठ नरांच्या पिंजऱ्यात सोडायची. नरानं झडप घालून गाठ धरली, की समजायचं धुवणात ती चीज आहे. दोऱ्याच्या गाठीशी संसार मांडणारा नर बघून अक्काताई म्हणायची, "माझ्या चुलतभावासारखा हाय बग. कायबी चालतं."

अक्काताई ही हौसाची जोडीदारीण. हौसापेक्षा लहान, विशीतच विधवा झालेली, जीभ तिखट. केंद्रात बाया या दोनच. गडीही दोन, एक मी आणि एक माळी. वाटणी कुणी केली आता आठवत नाही, बहुतेक साहेबांनीच हसत हसत केली. माद्या बायकांनी धरायच्या, नर गड्यांनी. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. लग्नघरी नवरीला बायका सजवतात, नवऱ्याला गडी आंघोळ घालतात, तसं ते आम्हाला वाटलं. मगदूमबाईंनाही वाटलं असणार, कारण त्याही काही बोलल्या नाहीत.

धुवणाच्या बाटल्या थर्मासात बर्फ घालून मी एसटीनं पुण्याला न्यायचो. तिथं एका मोठ्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. थेंब आत घातला की कागदाच्या पट्टीवर पेन डोंगर काढत जायचं. एक डोंगर म्हणजे एक पदार्थ. जेवढा उंच, तेवढा तो जास्त. नरांच्या धुवणात बारकी टेकाडं निघाली. माद्यांच्या धुवणात तीच टेकाडं, आणि त्यांच्यावर चार उंच डोंगर. नरांत एकही नाही.

साहेबांनी साताऱ्याहून पेढे आणवले. दिल्लीला पत्र गेलं. दिवाळीनंतर तिकडची समिती बघायला येणार असं ठरलं. समितीला पटलं तर केंद्र राहणार, नाही तर बंद.

पण मगदूमबाईंचा पेढा टेबलावर तसाच राहिला. त्यांनी धुवण गाळून त्याचे भाग पाडले होते. ज्या भागात ते चार डोंगर होते, त्याचा थेंब गाठीवर टाकला. नर यायचे, गाठीवर बसायचे, पाय पुसायचे आणि उडून जायचे. साहेब म्हणाले, "उन्हानं मरगळलेत. तुम्ही लिहून टाका." बाई लिहायला बसल्या आणि तीन दिवस नुसत्या बसून राहिल्या.

चौथ्या दिवशी हौसा चहा घेऊन आत गेली. मी दारात बाटल्या पुसत होतो. टेबलावर सगळ्या पट्ट्या पसरलेल्या.

"काय झालं बाई?"

"काही नाही हौसाबाई. हे चार डोंगर बघा. हे आहेत, पण नराला ते नकोत. आणि या दोन पट्ट्या, यांच्यात डोंगरच नाहीत. मी खराब म्हणून बाजूला ठेवल्या होत्या."

"ह्या कवाच्या?"

बाईंनी तारखा सांगितल्या. हौसानं बोटांवर मोजलं.

"तवा मी न्हवते. माझा भाऊ वारला, मी विट्याला हुते. अक्का एकटीच हुती." मग पडवीकडं तोंड करून हाक मारली, "अक्का, हिकडं ये. हात दाव."

अक्काताई आली. "का? चोरी झाली का काय?"

हौसानं तिचा उजवा हात धरला, बोटं उलटसुलट करून बघितली. मग आपला हात शेजारी ठेवला. तिच्या मधल्या बोटाच्या नखाच्या कडेला तांबडी रेघ होती. आमच्याकडच्या बाया कपाळावर आधी मेणाचं बोट फिरवतात आणि त्यावर कुंकू दाबतात, म्हणजे दिवसभर घामानं उतरत नाही. हौसाचं कुंकू रुपयाएवढं असायचं. अक्काताईला सात वर्षं कुंकू नव्हतं.

"बाई," हौसा म्हणाली, "ह्ये डोंगर माशीचं न्हाईत. ह्ये माझं हायत."

बाई पहिल्यांदा हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी हौसानं घरातली मेणाची डबी आणून टेबलावर ठेवली. त्यातलं नखभर मेण हेक्झेनमध्ये विरघळवून मी पुण्याला गेलो. यंत्रावरच्या माणसानं विचारलं, "आज काय आणलंय?" मी म्हणालो, "बायकोचं कुंकवाचं मेण." तो पोट धरून हसला. मग पेन चढायला लागलं, तसा तो खुर्ची ओढून जवळ बसला. चार डोंगर. बाईंनी ती पट्टी आणि माद्यांची पट्टी खिडकीच्या काचेला एकावर एक धरली. उन्हात दोन्ही एकच दिसत होत्या.

तीन वर्षांचं काम होतं ते. बाई काचेजवळून हलल्या नाहीत. साहेब आले, बघितलं, दार लावून घेतलं.

"हे या खोलीबाहेर जायचं नाही. माशीच्या अंगावर मेणासारखा थर आहे, असं तुम्हीच म्हणाला होता. मेण मिळालं. विषय संपला."

हौसा खोलीतच होती. ती आहे हे साहेबांच्या ध्यानातच नव्हतं. म्हणाली, "सायेब, मग माशी कशाला पाळायची? माझं कपाळच पाठवा दिल्लीला."

साहेबांना राग आला. पण बाई म्हणाल्या, "मी हे लिहिणार नाही. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या. सगळं पुन्हा करते."

पुन्हा करायचं तर मेणाचा हात नको. आधी माद्या आम्हा गड्यांकडं दिल्या. मादीचं पोट फुगीर, आमच्या राठ चिमटीत दहातल्या चार चिरडल्या, आणि चिरडलेल्या माशीच्या पोटातलं सगळं धुवणात उतरतं. रबरी मोजे आणले, तर माशी निसटायची. साबणानं मेण निघेना. हेक्झेननं बोटं पुसली तर डोंगर खाली आले, पण गेले नाहीत. घाम पुसताना हात कपाळाला लागतोच. नुसतं कोरडं कुंकू लाव, गंध लाव, असं सुचवून झालं. हौसा म्हणाली, "अर्धवट नगं. एकदा सगळंच काढू, मग काय दिसतंय ते बगू." अक्काताई एकटी दोन तासांत पुरी पडत नव्हती. म्हणजे राहिलं हौसाचं कपाळ, आणि ते दिवाळीपर्यंत रोज, घरीसुद्धा, कारण रात्री लावलेलं सकाळी पुसलं तरी नखात उरत होतं. हे बाईंनी पुण्याहून तपासून आणलं होतं.

बाई तिला तसं म्हणाल्या नाहीत. त्यांच्यानं ते म्हणवलंच नसतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी केंद्राच्या नळावर हौसानं कपाळाला खोबरेल चोळलं. मेण सुटल्यावर पदरानं पुसलं. जिथं कुंकू असायचं तिथं कातडी फिकी होती. नवरा जिवंत असताना बाईनं आपल्या हातानं कुंकू पुसणं म्हणजे काय, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. अक्काताई कळशी घेऊन उभी होती, तिनं कळशी खाली ठेवली.

"काय कराया लागलीस?"

"पुसतीया."

"माझ्यासारखं दिसायची हौस आली व्हय गं? तुला खेळ वाटतो ह्यो?"

"न्हाई."

"मला कुनी इचारलं न्हवतं. धरली आनि पुसलं. आनि तू आपल्या हातानं?"

"तुला इचारलं न्हाई, ती त्यांची चूक. माझं मी पुसतीया. लावीनबी माझं मी."

अक्काताई कळशी तिथंच टाकून गेली. तीन दिवस हौसाशी बोलली नाही. शेजारी बसून माशा धरायची, पण बोलायची नाही.

आणि मी काय केलं? खरं लिहायचं म्हणून वही आणली आहे, तर लिहितो. मी नळावर जाऊन म्हणालो, "मला गावात तोंड दाखवायचं हाय."

"दाखवा की. तुमच्या तोंडाला काय झालंय?"

गावानं व्हायचं ते केलं. नवरात्रात तिला देवळात ओटी भरायला बोलावलं नाही. वाटेत बाया पलीकडून जायच्या. माझ्या आईनं तिच्या हातचं पाणी सोडलं. आई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणायची, "माझ्या लेकाच्या जिवावर उठलीया." हौसा तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवायची आणि कामाला जायची. आईनं प्यायलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची.

नेमका त्याच वेळी मला हिवताप आला.

त्या साली गावोगाव हिवताप होता, घरटी एक माणूस पडलेलं. पण माझ्या आईला ते दिसेना. भर दुपारी मी दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होतो, दात वाजत होते. आईनं हौसाचा कुंकवाचा करंडा आणून माझ्या उशाशी ठेवला. शेजारच्या दोन बाया दारात उभ्या. हौसा केंद्रातून आली. सगळ्यांची नजर करंड्यावर.

मीच बोललो. "लाव गं."

"गोळी गिळली का?"

"लाव म्हंतो न्हवं. मी मराया लागलोय."

"तुमाला डास चावलाय. माझं कपाळ न्हाई चावलं. आ करा."

मग मी तिला नको ते बोललो. काय बोललो ते लिहिणार नाही. तिनं ऐकलं तेवढं पुरे झालं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, जिभेवर कडू गोळी ठेवली, पाणी पाजलं आणि ती खाली उतरेपर्यंत माझं तोंड हातानं दाबून धरलं. आई ओरडली, "अगं, त्येला मारतीस का काय?" हौसा म्हणाली, "थुकत्यात ते, आत्याबाई." दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रावर गेली. परवा गोळी, तेरवा गोळी. आठव्या दिवशी मी उठून बसलो. आई म्हणाली, देवीनं वाचवलं. हौसानं उरलेल्या गोळ्या पुडीत बांधून ठेवल्या.

पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, त्या दिवशी तुला काहीच वाटलं नव्हतं का. शेंगा सोलत होती. म्हणाली, "लय भ्या वाटलं. करंड्याकडं बगितलंच न्हाई. बगितलं असतं तर लावलं असतं." एवढंच बोलून पुन्हा शेंगा सोलायला लागली. लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणायचे, आता सोशीक म्हणतात. दोन्ही खोटं. तिला भीती वाटायची आणि तरी ती करायची.

दिवाळीच्या आधी शेवटच्या बाटल्या घेऊन बाई स्वतः पुण्याला गेल्या, माझ्या अंगात अजून ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत आल्या. स्टँडवरून केंद्रापर्यंत पायी, काखेत पट्टीची गुंडाळी. आम्ही पडवीत होतो. त्यांनी टेबलावरच्या बरण्या हातानं बाजूला सारल्या आणि पट्टी पसरली.

चार डोंगर गेले होते. नरांसारखाच माळ. आणि जिथं दुसरा डोंगर असायचा तिथं, त्याच्या पायथ्याशी इतके दिवस दडलेलं एक बारकं टेकाड. नरांच्या पट्टीत ते नव्हतं.

बाईंनी हौसाचं बोट धरून त्यावर ठेवलं. "हे माशीचं."

हौसानं बोट उचलून पट्टी डोळ्यांजवळ नेली. "एवढुसं?"

"एवढुसंच."

गाळताना ते डोंगरांबरोबर न येता दुसऱ्याच भागात उतरत होतं. तेवढा भाग वेगळा काढून गाठीवर टाकला, तर नर पिंजऱ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यातून येऊन गाठीला भिडले. अक्काताईनं त्या दिवशी चुलतभावाचा विषय काढला नाही. हौसाच्या पाठीवर एक थाप मारली. मग आणखी एक गोष्ट कळली. हे टेकाड कोशातून बाहेर आलेल्या पहिल्या सकाळच्या मादीतच उंच असतं, दुसऱ्या दिवशी जवळजवळ राहत नाही. आणि आम्ही तर माद्या दोन दिवस दमदार होऊ द्यायचो, मग नरांकडं सोडायचो. नर कशाला जातील? पहिल्याच सकाळी सोडायला लागलो आणि पिंजऱ्यात पिलं धरू लागली.

समिती आली. तीन साहेब, त्यातला एक मराठी. त्यानं हौसाकडं बघून मगदूमबाईंना हळूच विचारलं, "या विधवा आहेत का?"

हौसानं ऐकलं. "न्हाई सायेब. मालक ते तिथं बरन्या धुत्यात. अजून हायत."

सगळे हसले. मीही हसलो. त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं, खरंच आहे का म्हणून.

केंद्र राहिलं. मोठ्या साहेबांनी अहवालात लिहिलं, की मजूर स्त्रियांच्या हातून झालेली चूक वेळीच दुरुस्त करण्यात आली. बाईंनी ते आम्हाला वाचून दाखवलं. हौसा म्हणाली, "चूक आमची, दुरुस्ती सायबांची. बरं हाय." बाईंनी नंतर इंग्रजीत लेख लिहिला, खाली हौसाचं आणि अक्काताईचं नाव घातलं. साहेबांनी नावं खोडली, मजुरांची नावं कुठं घालतात म्हणून. बाईंनी पुन्हा घातली. लेख कित्येक महिने तसाच पडून राहिला. बाई म्हणायच्या, पडू दे. अखेर छापला तो नावांसकट.

काम संपल्यावर हौसानं कुंकू पुन्हा लावलं, पण घरी, संध्याकाळी. सकाळी नळावर पुसून कामाला बसायची. केंद्र होतं तोवर तिनं असंच केलं. गावातल्या बाया म्हणायच्या, सकाळची रांडाव, सांजची सवाष्ण. तिच्या तोंडावरच म्हणायच्या. ती म्हणायची, "व्हय. तुमी दिसभर एकच, मी दोन्ही." आईनं पुढच्या पावसाळ्यात तिच्या हातचं पाणी घेतलं.

तिचा शेवट लांबला नाही. गेल्या फाल्गुनात एका सकाळी चुलीपाशी बसल्या जागी गेली. घर माणसांनी भरलं. बायांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला. सवाष्णी पुढं सरकल्या, मळवट भरायला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला कुंकू लावायचं आणि तिच्या कपाळाचं बोटभर आपल्या कपाळाला घ्यायचं, अशी रीत आहे. माझी भावजय करंडा घेऊन बसली. विधवा बायांनी लांब राहायचं. अक्काताई गोठ्याच्या भिंतीशी उभी होती. आता तीही सत्तरीच्या पुढची, काठी टेकून.

मी म्हणालो, "अक्का, हिकडं ये."

भावजय म्हणाली, "भावजी, आसं करू नगा."

"तू सर बाजूला."

"लोक काय म्हंतील?"

"म्हनू द्या. त्यांनी लय म्हनून बगितलंय."

पोरगा पुढं आला, आबा म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलं, तो थांबला. अक्काताई हलेना. "नगं दाजी. मी न्हाई. तिच्या सवाष्णपनाला माझा हात नगं."

"तूच लावायचंस. दुसऱ्या कुनी लावलं तर मी पुसून टाकीन."

अक्काताई काठी भिंतीला टेकवून आली, हौसाशेजारी खाली बसली. बसताना तिच्या गुडघ्यांचा आवाज आला. भावजयीनं करंडा जमिनीवर ठेवला, हातात दिला नाही. अक्काताईनं कुंकू घेतलं. पन्नास वर्षांत तिनं कुणाच्या कपाळाला बोट लावलं नव्हतं. बोटाला सवय नव्हती, अर्धं कुंकू भुवईवर सांडलं आणि गोल वाकडा, डावीकडं ओघळलेला उमटला. ती हौसाच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नीट न्हाई जमलं गं."

भावजयीनं ते सारखं करायला पदराचं टोक पुढं केलं.

"हात लावायचा न्हाई," मी म्हणालो. "तशीच उचला."

तशीच उचलली. वाकडं कुंकू, भुवईवर लाल, आणि दारातून बाहेर नेताना तोंडावर ऊन आलं.